पोलारीमीटरच्या नळीत सापडलेलं क्वांटम

गाळप हंगामात आमची रात्रपाळी आठला सुरू होते आणि पहाटे चारला सुटते. लॅबमध्ये ठरलेल्या वेळेला मिक्स ज्यूसचा नमुना येतो. आधी ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, पाहायचा. मग फ्लास्कमध्ये रस घेऊन त्यात लेड सबॲसिटेटची भुकटी टाकायची, हलवायचं आणि गाळणकागदातून गाळायचं. वर हिरवट-काळपट गाळ राहतो आणि खाली पाण्यासारखा नितळ, किंचित पिवळसर रस उतरतो. तो दोनशे मिलिमीटरच्या काचेच्या नळीत भरायचा, बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि नळी पोलारीमीटरमध्ये ठेवायची. अठ्ठेचाळीस, कधी पन्नास, असा आकडा येतो. श्मिट्झच्या टेबलावरून पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढायचा, पोलला ब्रिक्सनं भागलं की प्युरिटी. गडहिंग्लजच्या आसपास हिरण्यकेशीच्या काठानं जेवढा ऊस उभा आहे, त्यातल्या साखरेचा हिशेब शेवटी या नळीतून जातो. मी हे काम बावीस हंगाम करतोय.

हा आकडा म्हणजे काय, ते मला कळतं असं मी धरून चाललो होतो. साखर प्रकाशाला वळवते, जितकी साखर जास्त तितकं वळण जास्त. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं, एवढं तर येणारच. पण पंचेचाळिशी ओलांडल्यावर क्वांटम मेकॅनिक्स पुन्हा शिकायला बसलो, तेव्हा समजलं की त्या विषयाचं पहिलं प्रकरण रोज माझ्या हातून जात होतं.

निमित्त मुलीचं झालं. तिच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रकाशविद्युत परिणाम होता. तिनं विचारलं, “पप्पा, प्रकाश कण आहे की लाट, एकदाचं सांगा ना.” मला सांगता येईना. पदवीच्या शेवटच्या वर्षी श्रोडिंजरचं समीकरण मी पाठ केलं होतं, पेपरात लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. त्याचा अर्थ मात्र कधी विचारला नव्हता. ते वर्ष 2025 होतं. क्वांटम मेकॅनिक्सची सुरुवात करणाऱ्या हायझेनबर्गच्या 1925च्या शोधनिबंधाला शंभर वर्षं झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ते क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं होतं, त्यामुळे मोबाईलवर जिकडेतिकडे हाच विषय दिसत होता.

सुरुवात मी चुकीच्या टोकानं केली. आधी व्हिडिओ पाहिले. जिवंत-मेलेलं मांजर, समांतर विश्वं, बघितल्यानं बदलणारं वास्तव. ऐकायला छान वाटायचं, पण दुसऱ्या दिवशी हातात काही उरायचं नाही. मग जाड पुस्तक घेतलं. त्यात पहिल्याच प्रकरणात आंशिक विकलन समीकरणं आली आणि आठ तासांच्या पाळीनंतर ती डोक्यात शिरेनात. महिनाभर मी बाराव्या पानावर होतो.

वाट सापडली ती डिरॅकच्या पुस्तकात. पॉल डिरॅकचं ‘क्वांटम मेकॅनिक्सची तत्त्वं’ हे पुस्तक 1930चं. ते सोपं अजिबात नाही. पण त्याच्या पहिल्या प्रकरणात मांजर नाही, अणूसुद्धा नाही. तिथं आहे टूर्मलीनचा स्फटिक आणि त्यावर पडणारा ध्रुवित प्रकाश, म्हणजे पोलारीमीटर. ते पान वाचताना मला खरंच भरून आलं.

ध्रुवण म्हणजे काय ते आधी सांगतो. प्रकाशाची लाट पुढे जाताना तिचं विद्युतक्षेत्र त्या दिशेला आडवं हलत असतं. पोलारीमीटरच्या सोडियम दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशात ते सगळ्या बाजूंनी हलतं, वर-खाली, डावी-उजवीकडे, तिरपं. पोलरायझर त्यातली एकच दिशा ठेवतो. परावर्तित प्रकाशात हे ध्रुवण दिसलं एत्येन लुई माल्यूस या फ्रेंच लष्करी इंजिनिअरला, 1808 साली. पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेलं ऊन तो एका स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवला की प्रतिमा फिकी व्हायची, आणखी फिरवला की पुन्हा उजळायची. पुढच्या वर्षी त्यानं नियम मांडला: ध्रुवित प्रकाश आणि दुसरा पोलरायझर यांच्या दिशांत जो कोन असेल, त्याच्या कोसाइनच्या वर्गाइतका प्रकाश पलीकडे जातो. कोन 30 अंश असेल तर तीन चतुर्थांश, 45 असेल तर निम्मा, 90 असेल तर शून्य.

आता दिवा मंद करत न्या. आपल्या सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश 589 नॅनोमीटरचा. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा निघते सुमारे 3.4 भागिले 10चा 19वा घात, इतके जूल. म्हणजे पोलारीमीटरमधून डोळ्यापर्यंत नुसता एक मायक्रोवॅट प्रकाश आला, तरी सेकंदाला सुमारे तीन लाख कोटी फोटॉन येतात. एवढ्या गर्दीत एकेकाचं वागणं दिसणार कसं? पण प्रकाश इतका मंद केला की एका वेळी एकच फोटॉन येतो, तर 45 अंशांच्या फिल्टरशी काय होईल? माल्यूस म्हणतो, निम्मा प्रकाश जाईल. पण फोटॉन निम्मा होत नाही. निम्म्या ऊर्जेचा फोटॉन म्हणजे वेगळ्या रंगाचा फोटॉन, आणि पलीकडे निघणारा प्रकाश तर तोच पिवळा असतो. फोटॉन अख्खा पलीकडे जातो किंवा अख्खा शोषला जातो.

शंभर फोटॉन पाठवले तर साधारण पन्नास जातात. कोणते पन्नास, ते आधी कुणालाच सांगता येत नाही. आपलं यंत्र कमी पडतं म्हणून असं होतं, असा अर्थ लावायचा मोह होतो. पण सगळे फोटॉन सुरुवातीला अगदी एकसारखे तयार केले, तरीही हेच घडतं. माल्यूसचा कोसाइन-वर्ग तोच राहिला, त्याचा अर्थ बदलला. 1809 साली तो प्रकाशाचा हिस्सा होता. 1926 साली माक्स बॉर्ननं तरंगफलनाच्या वर्गाचा अर्थ संभाव्यता असा लावला आणि कोसाइन-वर्ग म्हणजे एका फोटॉनची पलीकडे जाण्याची शक्यता झाली. माझ्या नळीतलं अठ्ठेचाळीस हे साखरेच्या पट्टीवरचं, प्रत्यक्षात ते साडेसोळा अंशांचं वळण. ॲनलायझर, म्हणजे नळीपलीकडचा दुसरा पोलरायझर, पहिल्याला काटकोनात ठेवला, तर नळी नसताना एकही फोटॉन जाऊ नये. नळी ठेवली की शंभरात आठ जातात. बावीस हंगाम ज्याला मी पोल म्हणत आलो, त्याच्या तळाशी ही शक्यता होती.

पुढचा प्रयोग कुणालाही घरी करता येतो, आणि कराच. बंद पडलेल्या एलसीडी टीव्हीच्या किंवा मॉनिटरच्या पडद्यावरून पोलरायझरची फिल्म निघते. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात भंगारात असे पडदे असतात. मी एक मागून आणला, फिल्म सोलली, चिकट थर स्पिरिटनं पुसला आणि कात्रीनं तीन चौकोन कापले. दोन चौकोन एकमेकांवर आडवे-उभे ठेवले की काळा अंधार होतो. त्या दोघांच्या मध्ये तिसरा 45 अंशांत तिरपा सरकवला की अंधारातून उजेड येतो. अडथळा वाढवला आणि प्रकाश वाढला. मुलगी म्हणाली, “पुन्हा दाखवा.” मी चारदा दाखवलं.

याचा हिशेब दोन आकड्यांत मावतो. आडव्या दिशेच्या फोटॉनला आपण (1, 0) लिहू आणि उभ्या दिशेच्याला (0, 1). आडव्यात उभ्याचा भाग शून्य आहे, म्हणून पहिल्या मांडणीत अंधार झाला. मधला तिरपा फिल्टर (1, 0) या अवस्थेतला 45 अंशांच्या दिशेचा भाग तेवढा ठेवतो. तो भाग म्हणजे (½, ½). आता यात उभ्याचा घटक ½ आहे, त्याचा वर्ग पाव. पहिल्या फिल्टरमधून आलेल्या फोटॉनपैकी पाव हिस्सा शेवटपर्यंत पोचतो. फिल्म थोडा प्रकाश खाते, त्यामुळे घरी दिसतो त्याहून कमी, पण दिसतो.

‘अध्यारोपण’ हा शब्द व्हिडिओमध्ये शंभरदा ऐकला होता. वहीत ही दोन ओळींची बेरीज केली तेव्हा तो कळला. तिरपा फोटॉन आडवाही आहे आणि उभाही आहे, असं गूढ काही म्हणायची गरज नाही. तिरपी दिशा ही आडवी आणि उभी यांच्या बेरजेनं लिहिता येते, एवढंच. आडवी दिशासुद्धा दोन तिरप्या दिशांच्या बेरजेनं लिहिता येते. कोणता फिल्टर पुढे येतो, त्यावरून कोणती बेरीज कामाची ते ठरतं.

आता साखरेकडे येतो. नळी आणि ॲनलायझर, दोघांतून प्रकाश जातो, दोघं प्रकाशावर काही करतात. पण दोघांचं करणं मुळातच वेगळं आहे. नळीतली साखर फोटॉनची दिशा वळवते आणि त्याला पुढे जाऊ देते. काही हरवत नाही, काही ठरत नाही. (1, 0) होतं ते वळून (0.96, 0.29) होतं, आणि दोघांच्या वर्गांची बेरीज सुरुवातीला एक होती ती एकच राहते. उलट्या बाजूला तेवढंच वळवणारं दुसरं द्रावण पुढे ठेवलं, तर फोटॉन पुन्हा होता तसा. ॲनलायझर मात्र प्रश्न विचारतो: जातोस की नाही? आणि उत्तर मिळाल्यावर मागची अवस्था पुसली जाते, ती परत आणता येत नाही.

क्वांटम मेकॅनिक्समध्ये बदलाचे हे दोनच प्रकार आहेत. एक श्रोडिंजरच्या समीकरणानं चालणारा, संथ, अचूक, उलटवता येणारा. दुसरा मापनाचा, शक्यतेवर चालणारा, न उलटणारा. पहिल्यातून दुसरा निघतो कसा, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे आणि तो मिटलेला नाही. हा सगळा वाद एका टेबलावर, हातभर अंतरात मांडून ठेवलेला असतो: डावीकडे नळी, उजवीकडे ॲनलायझर.

साखर वळवते तरी कशी, हेही मला आत्ताच नीट समजलं. सरळ दिशेचा ध्रुवित प्रकाश म्हणजे उजवीकडे फिरणारा आणि डावीकडे फिरणारा अशा दोन वर्तुळाकार प्रकाशांची समान बेरीज. साखरेचा रेणू आपल्या हातासारखा असतो, आरशात पाहिला तर उजव्याचा डावा होतो. म्हणून त्याच्या द्रावणात उजव्या आणि डाव्या प्रकाशाचा वेग किंचित वेगळा पडतो. 100 मिलिलिटरमध्ये 26 ग्रॅम साखर, ही आमची प्रमाण मात्रा. तिनं दोनशे मिलिमीटरच्या नळीत 34.6 अंशांचं वळण येतं. तेवढ्या लांबीत प्रकाशाच्या साडेचार लाखांहून जास्त लाटा मावतात. आणि एवढ्या प्रवासात उजवा आणि डावा यांच्यात फरक पडतो तो एका लाटेच्या जेमतेम पाचव्या भागाचा! तेवढ्या फरकावर आम्ही पोल काढतो.

याच ठिकाणी संमिश्र संख्या येतात. वर्तुळाकार प्रकाश लिहायचा तर (1, 0) आणि (0, 1) यांची बेरीज साध्या आकड्यांनी जमत नाही, उणे एकचं वर्गमूळ लागतं. अकरावीला ते शिकताना कशाला हवं म्हणून मी सोडून दिलं होतं. आता मुलीचं अकरावीचं पुस्तक काढून तीन आठवडे तेवढंच केलं. मॅट्रिक्सचा गुणाकारही तिनंच शिकवला. “पप्पा, रो आडवी धरायची, कॉलम उभा, आणि क्रम बदलायचा नाही.”

क्रम बदलायचा नाही, हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पोलरायझरनंतर नळी ठेवली तर आकडा येतो. तीच नळी दिवा आणि पोलरायझर यांच्या मध्ये ठेवली तर साखर कितीही असो, आकडा शून्य. आधी वळवून मग गाळणं आणि आधी गाळून मग वळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1925च्या जूनमध्ये हेलगोलँड बेटावर हायझेनबर्गच्या हिशेबात असे गुणाकार आले की क्रम बदलला की उत्तर बदलायचं. त्याला ते खटकलं. ते मॅट्रिक्स आहेत, हे नंतर बॉर्ननं ओळखलं. अनिश्चिततेचं तत्त्व याच न जुळणाऱ्या क्रमातून येतं. फोटॉनला एकाच वेळी ‘आडवा की उभा’ आणि ‘उजवा तिरपा की डावा तिरपा’ या दोन्ही प्रश्नांची पक्की उत्तरं असू शकत नाहीत, कारण ते दोन फिल्टर क्रमाला बांधलेले आहेत.

मित्र विचारतात, मग हे सगळं आपल्याला रोज का दिसत नाही? आमच्या गावाला फुटबॉलचं वेड आहे, म्हणून मी फुटबॉलचा हिशेब सांगतो. दे ब्रॉय यानं 1924 साली मांडलेल्या सूत्रानं प्रत्येक वस्तूला तरंगलांबी असते: प्लँकचा स्थिरांक भागिले वस्तुमान गुणिले वेग. सव्वाचारशे ग्रॅमचा चेंडू सेकंदाला 20 मीटरनं मारला, तर त्याची तरंगलांबी दशांश चिन्हानंतर चौतीस शून्यं देऊन मग आठ, इतके मीटर येते. अणूचं केंद्रसुद्धा त्यापुढे अवाढव्य आहे. सेकंदाला हजार किलोमीटरनं जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी 0.7 नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या मापाची. त्यामुळे इलेक्ट्रॉन स्फटिकातून जाताना लाटेसारखा पसरतो आणि चेंडू सरळ जाळ्यात जातो.

नोकरी सांभाळून हे करता येईल का, असंही विचारतात. चंद्रशेखर वेंकट रामन 1907 पासून दहा वर्षं सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते. कोलकात्यात बहूबाजार रस्त्यावरच्या संस्थेत ते कचेरीआधी सकाळी जायचे आणि कचेरीनंतर संध्याकाळी. पुढे 28 फेब्रुवारी 1928ला जो शोध लागला, तो फोटॉननं रेणूला थोडी ऊर्जा देऊन रंग बदलण्याचा, म्हणजे अस्सल क्वांटमचा. जॉन बेल सर्नमध्ये नोकरीला होता, तिथलं त्याचं काम कणभौतिकी आणि त्वरक यंत्रं हे होतं. क्वांटमच्या पायाचा विचार तो आपल्या वेळात करायचा. 1964चा त्याचा निबंध रजेवर अमेरिकेत असताना लिहिलेला आहे. त्या निबंधात जोडीतल्या कणांच्या मापनांसाठी त्यानं मांडलेली असमानता तपासायला क्लॉझरनं 1972 साली आणि आस्पेनं 1982 साली जी उपकरणं मांडली, त्यात मुख्य वस्तू होती पोलरायझर. 2022चं नोबेल त्यांना आणि त्सायलिंगरला मिळालं. या माणसांशी मी स्वतःची तुलना करत नाही. पण सकाळचे दोन तास किती मोलाचे असतात, ते त्यांच्यामुळे मला पटलं.

आता या फिल्टरवर पैसाही लागलाय. बेनेट आणि ब्रासार यांनी 1984 साली गुप्त किल्ली पाठवायची पद्धत दिली, ती वरच्या तीन चौकोनांवरच उभी आहे. फोटॉन कधी आडवे-उभे पाठवायचे, कधी तिरपे. मधे कुणी चोरून पाहिलं, तर त्याला कोणता फिल्टर लावायचा ते ठाऊक नसतं. तो निम्म्या वेळा चुकीचा लावतो, अवस्था बदलते आणि पलीकडे जुळणाऱ्या किल्लीत चारात एक चूक दिसू लागते. चोरून पाहणारा सापडतो. केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला 6003.65 कोटी रुपये मंजूर केले. त्यातलं संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे.

अभ्यासाचं सांगायचं तर हंगामात पाळीमुळे फार होत नाही, ऑफ सीझनला पहाटे साडेचार ते साडेसहा. आयआयटी मद्रासच्या प्रा. व्ही. बालकृष्णन यांची व्याख्यानं फुकट पाहता येतात. फाइनमन यांची व्याख्यानं इंटरनेटवर अख्खी वाचता येतात, त्यांचा तिसरा खंड क्वांटमचा. सस्किंड यांचं ‘थिअरेटिकल मिनिमम’ स्टॅनफर्डमधल्या प्रौढांच्या वर्गातून तयार झालं आणि त्याच्या क्वांटमच्या खंडाचे सहलेखक आर्ट फ्रीडमन व्यवसायानं डेटा सल्लागार, म्हणजे आपल्यासारखेच नोकरीवाले. मराठी शब्दांसाठी मी मराठी विश्वकोश उघडतो, पुंजयामिकी हा शब्द मला तिथंच भेटला. पण पुस्तकं कोणतीही घ्या, दोन घटकांच्या अवस्थेपासून सुरुवात करा, असं मी आग्रहानं सांगेन. तरंगफलन नंतर येऊ द्या. आणि नुसतं वाचू नका, प्रत्येक ओळ हातानं वहीत उतरवा. पंचेचाळिशीत स्मरणशक्ती कमी पडते, पण नमुना दोनदा तपासायची सवय आपल्याला असते, आणि ती या विषयाला फार उपयोगी पडते.

सध्या मी दोन फोटॉनच्या जोडीवर आहे. दोनाचे चार घटक होतात, मॅट्रिक्स चार बाय चार होतो आणि वही आडवी धरावी लागते. जोडीतल्या एकाला 30 अंशांचा फिल्टर लावला आणि दुसऱ्याला 60चा, तर दोघं एकाच वेळी जाण्याची शक्यता किती, हे उदाहरण काल मी आणि मुलीनं वेगवेगळं सोडवलं. बॉयलर पेटायला अजून तीन आठवडे आहेत. तिचं उत्तर आणि माझं उत्तर जुळत नाही. उद्या पहाटे दोघं मिळून ओळ न् ओळ तपासणार आहोत.